वॉटर्लू, बारा फूट बाय सहा फूट

“डावीकडच्या दोन ब्रिगेडी रस्त्याच्या कडेने पुढे सरकतील, ला ए सँतचा वाडा डाव्या हाताला ठेवून समोरच्या टेकाडावर चढतील.” हुकूम मोठ्याने म्हणायचा, आणि तोही फासे टाकण्याआधी. मागाहून ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ चालत नाही. मग दोन फासे हिरव्या कापडावरून घरंगळतात. बेरीज आठ किंवा त्याहून कमी आली तर पलटणी हलतात. सहाच्या खाली आली तर एका दमात तिप्पट अंतर कापतात. नऊ किंवा जास्त आले तर जागच्या जागी उभ्या राहतात. खेळाडूने कितीही हात चोळले तरी. आणि दोन्ही फाशांवर सहा पडले तर घोटाळा! हुकूम चुकीचा पोचला, आता ब्रिगेड कुठे जाईल ते पुन्हा फासेच ठरवणार.

दोन फाशांची 36 दानं असतात, त्यांतली 26 आठच्या आत पडतात. म्हणजे बऱ्यापैकी सेनापतीचेही चारातले एकाहून जास्त हुकूम वाया जातात.

हा नियम ‘ब्लॅक पावडर’ या 2009 साली निघालेल्या नियमपुस्तकातला. रिक प्रीस्टली आणि जर्व्हिस जॉन्सन हे त्याचे लेखक. नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर मांडून खेळणाऱ्यांपाशी अशी नियमपुस्तकं कितीतरी आहेत, आणि कोणतं खरं यावर खेळाडूंमध्ये भांडणंही तेवढीच. एकात पलटणीचा हिशेब, दुसऱ्यात अख्ख्या कोअरचा. एकात पानोपानी कोष्टकं, दुसऱ्यात पत्ते. पण आधी शिपायांकडे बघायला हवं, कारण लोक या छंदात शिरतात ते शिपायांच्या मोहाने. नियम मागाहून येतात.

सगळ्यांत लाडकं माप 28 मिलिमीटरचं. शिपाई शिशाच्या मिश्रधातूचा किंवा प्लॅस्टिकचा, अंगठ्याच्या पेराएवढा, पण कोटाची बटणं मोजता येतील असा. इंग्लंडमधलं नॉटिंगहॅम हे या धंद्याचं माहेरघर. ॲलन आणि मायकेल पेरी हे जुळे भाऊ तिथलेच. 1996 साली फ्रान्समध्ये एका ऐतिहासिक लढाईच्या प्रात्यक्षिकात तोफेच्या अपघातात मायकेलचा उजवा हात गेला. तो उजव्या हाताने काम करणारा मूर्तिकार होता. त्याने डाव्या हाताने घडवायला शिकून घेतलं, आणि आज जगभरच्या टेबलांवर उभे असलेले नेपोलियनचे कितीतरी शिपाई त्या डाव्या हाताचे आहेत.

शिपाई विकत मिळतो तो बिनरंगाचा. रंग ज्याचा त्याने द्यायचा. आधी अस्तर, मग मूळ रंग, मग खाचांत उतरणारं पातळ काळपट पाणी, शेवटी उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याचा हलका हात. अवघड भाग रंगाचा नाही, माहितीचा आहे. ब्रिटिश पायदळाचे कोट लाल खरे, पण कॉलर आणि कफांचा रंग प्रत्येक रेजिमेंटचा निराळा. 44व्या रेजिमेंटचा पिवळा, तर 27व्या इनिस्किलिंगचा फिका बदामी. चुकलात तर टेबलाशेजारी उभा असलेला कोणीतरी ते दाखवल्याशिवाय राहत नाही. या चोखंदळपणात एक गंमत आहे. नेपोलियनचा इंपीरियल गार्ड बहुतेक खेळाडू संचलनाच्या झोकात रंगवतात: उंच अस्वली टोप्या, पांढऱ्या विजारी, लाल तुरे. वॉटर्लूला आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता, आणि गार्डातले बहुतेक शिपाई चिखलाने माखलेल्या ओव्हरकोटात लढले. तसे रंगवले तर मेहनत निम्मी होईल. पण एवढे कष्ट चिखल दाखवायला कोण घेतो?

आता हिशेब. 18 जून 1815 रोजी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनकडे सुमारे 68 हजार माणसं होती, नेपोलियनकडे 72–73 हजार, आणि दुपारनंतर वेलिंग्टनला ब्लूखरचे जवळपास 50 हजार प्रशियन येऊन मिळाले. एका शिपायामागे वीस माणसं धरली तरी साडेनऊ हजार शिपाई रंगवायला हवेत. म्हणून बहुतेक क्लब अख्खी लढाई मांडतच नाहीत. एखादा तुकडा उचलतात. ऊगूमाँचा बंगला आणि बाग, नाहीतर ला ए सँतचा वाडा. या वाड्यात मेजर बारिंगच्या सुमारे 400 जर्मन शिपायांनी दुपारभर फ्रेंचांना थोपवून धरलं, पण काडतुसं संपल्यावर संध्याकाळी तो पडला.

जमिनीचा हिशेब आणखी विचित्र. 28 मिलिमीटरचा शिपाई म्हणजे माणसाचा अंदाजे साठावा भाग. वॉटर्लूचं रणांगण 5 किलोमीटर रुंद धरलं तर त्याच मापाने टेबल 80 मीटरहून लांब लागेल. साहजिकच माणसांना एक माप आणि जमिनीला दुसरं, असा तह करावा लागतो. टेबलावरचा एक वाडा शेजारी उभ्या पलटणीएवढीच जागा खातो, आणि त्याच्या दारातून दोनच शिपाई आत जाऊ शकतील असं दिसतं. सगळे ते मुकाट मान्य करतात. टेबलाची रुंदी मात्र इतिहासाने नव्हे, माणसाच्या हाताने ठरते. सहा फुटांपेक्षा रुंद टेबल केलं की मधल्या शिपायांपर्यंत हात पोचत नाही, आणि कोपराने एखादी घोडदळाची तुकडी आडवी होते.

टेकड्या थर्माकोलच्या, झाडं वाळलेल्या शेवाळाची. त्या जूनमध्ये वॉटर्लूच्या शेतांत राय नावाचं धान्य पुरुषभर उंच उभं होतं. ते दाखवायला काथ्याचं पायपुसणं कापून ठेवतात, आणि खरोखरच पिकलेल्या शेतासारखं दिसतं. दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पेरून हिरवळ उगवणाऱ्याला ही अक्कल नवी नाही. फरक एवढाच की किल्ल्यावरचे मावळे लढत नाहीत. चार दिवस रुबाबात उभे असतात.

इथे लढावं लागतं. एक बाजू आपल्या सगळ्या तुकड्या हलवते, गोळ्या झाडते, भिडते. मग दुसरीची पाळी. अंतरं इंचांत मोजायची. मस्केट बंदुकीचा पल्ला अठरा इंच, तोफेचा अठ्ठेचाळीस. गोळी लागली का याचा फासा एकाचा, आणि लागूनही पलटण टिकली का याचा फासा दुसऱ्याचा. मेलेल्यांची मोजदाद दुय्यम. खरा प्रश्न पलटणीचा धीर किती उरला हा. रचनेवरही बरंच अवलंबून. लांब ओळीत उभी पलटण भरपूर गोळ्या झाडते, पण घोडदळ आलं की तिची धडगत नाही. तीच पलटण संगिनी रोखून चौकोन करून बसली तर घोडे वळसा घालून जातात. पण चौकोन म्हणजे तोफेला आयतं गिऱ्हाईक. वॉटर्लूला दुपारी चारच्या सुमाराला फ्रेंच मार्शल नेने हजारो घोडेस्वार पुरेशा पायदळाशिवाय आणि तोफांशिवाय या चौकोनांवर घातले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि एकही चौकोन फुटला नाही.

टेबलावर ही चूक कोणी करत नाही. सगळ्यांनी पुस्तक वाचलेलं असतं.

या खेळाचं खरं दुखणं तेच. खेळाडू टेबलावर ओणवा असतो, त्याला गरुडासारखं सगळं वरून दिसतं, आणि शिवाय शेवटही ठाऊक असतो. वेलिंग्टनने आपलं बरंचसं सैन्य टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर झाकून ठेवलं होतं, म्हणून फ्रेंचांना समोर नेमकं किती आणि कुठे हे कळत नव्हतं. टेबलावर तो झाकलेला उतार फ्रेंच खेळाडूच्या नाकासमोर असतो. प्रशियन कोणत्या जंगलातून येणार, कधी येणार, हेही तो जाणतो. म्हणून काही आयोजक शिपायांऐवजी कोरे पत्ते मांडतात, काही पत्त्यांखाली सैन्य आणि काहींखाली नुसती हवा. प्रशियन येण्याची वेळ फाशांवर सोडतात. काहीजण तर लढाईचं नावच सांगत नाहीत. नकाशा आरशातल्यासारखा फिरवून, गावांची नावं बदलून मांडतात, आणि निम्मा खेळ झाल्यावर एखाद्याच्या लक्षात येतं की आपण वॉटर्लू हरतो आहोत.

यावरचा सर्वांत जुना उपाय प्रशियातच निघाला. बुद्धिबळाला सैनिकी रूप देण्याचे प्रयोग त्याआधी झाले होते. ब्रुन्सविकच्या हेलविगने 1780 साली बुद्धिबळाहून कितीतरी जास्त घरांचा पट केला. पण घरं आली की जमीन गेली. जॉर्ज लेओपोल्ड फॉन राइसविट्झने 1812 साली प्रशियाच्या राजाला घरांऐवजी खऱ्या भूप्रदेशाचे तुकडे जोडून केलेलं टेबल भेट दिलं. त्याच्या लष्करी अधिकारी मुलाने 1824 मध्ये तोच खेळ 1:8000 मापाच्या नकाशांवर आणला. नाव ‘क्रीग्सश्पील’, म्हणजे सरळ युद्धखेळ. दोन्ही बाजू वेगळ्या बसायच्या, हुकूम कागदावर लिहून पंचाला द्यायच्या, आणि शत्रूचे ठोकळे जेवढे दिसू शकतील तेवढेच पंच नकाशावर ठेवायचा. त्या वेळचा प्रशियन सेनाप्रमुख फॉन म्यूफलिंग सुरुवातीला फारसा उत्सुक नव्हता. पण पाहता पाहता त्याला पटलं की हा खेळ नाही, युद्धाची शाळा आहे, आणि त्याने सैन्याला त्याची शिफारस केली. हाच म्यूफलिंग वॉटर्लूला वेलिंग्टनच्या छावणीत प्रशियाचा संपर्क अधिकारी होता. निरोप उशिरा पोचला तर काय होतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. धाकट्या राइसविट्झच्या वाट्याला मात्र हे यश फार दिवस आलं नाही. 1827 साली त्याने आत्महत्या केली.

घरगुती छंद म्हणून हा खेळ पुढे आला तो एच. जी. वेल्समुळे. त्याचं ‘लिटल वॉर्स’ 1913 मध्ये निघालं. त्यात गोळीबाराचा निकाल स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळी उडवून लावायचा. शिपाई पडला तर मेला. खऱ्या युद्धांऐवजी लोकांनी ही छोटी युद्धं खेळावीत असं वेल्सला वाटत होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

वॉटर्लू टेबलावर उतरवण्याच्या नादात बुडालेला पहिला माणूस मात्र खेळाडू नव्हता. विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश अधिकारी लढाईत नव्हता. 1830 मध्ये रणांगणाची प्रतिकृती करायचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा ला ए सँतच्या वाड्यात आठ महिने मुक्काम करून त्याने सगळी जमीन मोजली, आणि हयात अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं: संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमची तुकडी नेमकी कुठे होती, शेतात पीक कोणतं होतं? सरकारने पुढे पैसे थांबवले. तो कर्जात गेला. सत्तर हजारांहून जास्त इवल्या शिपायांची ती प्रतिकृती 1838 मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत लोकांपुढे आली. वाद पेटला तो प्रशियनांवरून. त्या घटकेला ते किती पुढे आले होते हे सायबोर्नने जसं दाखवलं, ते वेलिंग्टनला मानवलं नाही. प्रशियनांची मांडणी अखेर बदलावी लागली. प्रतिकृती आज चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. टेबलावरचा शिपाई इंचभर पुढे की मागे याला राजकारण असतं, हे खेळाडूंच्या आधी सायबोर्नने भोगलं.

याच वेलिंग्टनची सेनापती म्हणून पहिली मोठी लढाई महाराष्ट्रातली, आणि तीही आता टेबलांवर मांडली जाते. 23 सप्टेंबर 1803, असई. आजचा जालना जिल्हा. समोर शिंदे आणि भोसल्यांचं सैन्य, त्यात हॅनोव्हरच्या पोलमनच्या हाताखालच्या कवायती पलटणी आणि शंभराच्या आसपास तोफा. वाटाड्यांनी सांगितलं, केळणा नदीला जवळपास उतार नाही. तेव्हा नुसता वेलस्ली असलेल्या वेलिंग्टनने दुर्बिणीतून दोन काठांवर समोरासमोर वसलेली पिंपळगाव आणि वरुड ही गावं पाहिली आणि ताडलं: उतार असल्याशिवाय गावं अशी वसत नाहीत. तो पलीकडे उतरला. टेबलावर हा क्षण मांडणं फार कठीण, कारण निळी नदी जिथे उथळ रंगवली आहे तिथे सगळ्यांचीच नजर जाते. पुढचा क्षण मात्र खेळात जसाच्या तसा घडतो. उजव्या टोकाच्या लेफ्टनंट कर्नल ऑरॉकला हुकूम नीट उमगला नाही. तो आखल्यापेक्षा फार उजवीकडे, असई गावच्या तोफांच्या तोंडी गेला. त्याच्या मागोमाग 74वी रेजिमेंट गेली, आणि तिच्या सुमारे 500 जणांतले 400च्या आसपास मेले किंवा जखमी झाले. दोन्ही फाशांवर सहा पडतात, ते हे असं.

जून 2019 मध्ये ग्लासगो विद्यापीठात वॉटर्लू एकदाची अख्खी मांडली गेली. 28 मिलिमीटरचे वीस हजारांहून जास्त शिपाई आणि शंभरावर खेळाडू, दोन दिवस. पैसे गेले ‘वॉटर्लू अनकव्हर्ड’ या संस्थेला, जी युद्धात शरीराने किंवा मनाने जखमी झालेल्या आजच्या सैनिकांना सोबत घेऊन त्या रणांगणावर उत्खनन करते. खेळात पडलेले शिपाई टेबलावरून उचलून खोक्यात फोमच्या खाचांत ठेवतात, पुढच्या लढाईसाठी. पुढच्याच महिन्यात संस्थेच्या लोकांना मों-सँ-ज्याँच्या वाड्याशेजारी, जिथे वेलिंग्टनचं इस्पितळ होतं, खणताना छाटलेल्या पायांची हाडं सापडली. त्यांतल्या एकावर शल्यवैद्याच्या करवतीच्या खुणा होत्या.