मोशन ग्राफिक्समधील विरूपण परिणाम : तत्त्व आणि उपयोजन

प्रस्तावना :
संगणकीय सचेतनीकरणात एखादी वस्तू पडद्यावर एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे सर्वांत सोपे असते. परंतु केवळ स्थानबदलाने ती पुठ्ठ्याच्या कात्रणासारखी सरकताना दिसते. वजन व लवचीकपणा यांचा भास आकारातील बदलाने निर्माण होतो. असा बदल घडविणाऱ्या साधनांना विरूपण परिणाम म्हणजेच 'डिस्टॉर्शन इफेक्ट' म्हणतात. १९९३ मध्ये प्रथम आलेल्या 'आफ्टर इफेक्ट्स' या सॉफ्टवेअरच्या आधारे त्यांचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तात्त्विक आधार :
फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या 'द इल्युजन ऑफ लाइफ' या ग्रंथात सचेतनीकरणाची बारा तत्त्वे मांडली. त्यांपैकी एक तत्त्व दबणे व ताणणे हे होय. आकार बदलला तरी वस्तूचे घनफळ कायम राहिले पाहिजे, ही त्याची अट आहे. द्विमितीय चित्रात घनफळाऐवजी क्षेत्रफळाचा विचार करता येतो. जमिनीवर आदळणाऱ्या चेंडूची रुंदी १२५ टक्के केल्यास उंची ८० टक्के ठेवावी, कारण १.२५ × ०.८० = १. हे प्रमाण चुकल्यास चेंडू दबण्याऐवजी फुगलेला वाटतो.

प्रमुख प्रकार :
१) वेव्ह वॉर्प : यात लाटेची उंची, लांबी, दिशा व वेग ठरविता येतो. कीफ्रेम न देताही लाट पुढे सरकत राहते. ध्वज फडकविताना काठीकडील कडा स्थिर ठेवणे आवश्यक असते.
२) डिस्प्लेसमेंट मॅप : दुसऱ्या चित्रातील रंगमूल्यांनुसार पिक्सेल सरकतात. ० ते २५५ या श्रेणीत १२८ या मूल्यास विस्थापन शून्य असते; दोन्ही टोकांना ते विरुद्ध दिशांनी सर्वाधिक होते.
३) पपेट : २००७ च्या सीएस३ आवृत्तीत हे साधन आले. चित्रावर त्रिकोणांची जाळी तयार होते व पिना हलविल्यावर ती वाकते. जो भाग ताठ राहावा, त्यास 'स्टार्च' देता येतो.

उपयोजनातील दक्षता :
या सॉफ्टवेअरमध्ये लेयरवर प्रथम मास्क, नंतर इफेक्ट व शेवटी स्थान, आकारप्रमाण, फिरविणे या क्रिया होतात. त्यामुळे इफेक्टने दाबलेला चेंडू त्याच लेयरवर फिरविल्यास दाबाची दिशाही फिरते आणि जमिनीवर आदळणारा चेंडू आडवा दबलेला दिसतो. यावर उपाय म्हणजे फिरणे आतील कंपोझिशनमध्ये व विरूपण बाहेरील कंपोझिशनमध्ये करणे. हा क्रम ठाऊक नसलेला विद्यार्थी कीफ्रेम पुन्हा पुन्हा बदलत राहतो. दोष मात्र तसाच राहतो.

निष्कर्ष :
सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या व मेनू बदलतात. वजन, घनफळ व क्रियांचा क्रम यांचे ज्ञान पुढेही उपयोगी पडते. म्हणून इफेक्टची नावे पाठ करून घेण्यापूर्वी वस्तू कशाची बनलेली आहे व तिच्यावर कोणते बल कार्य करते, हे प्रश्न प्रात्यक्षिकात विचारले जाणे इष्ट ठरते. त्यांच्या उत्तरांवरून योग्य परिणामाची निवड करणे विद्यार्थ्यास शक्य होते.