व्यसनाची सरासरी

पुण्याहून नगरकडे जातांना कोरेगाव भीमा येथें भीमा नदी ओलांडावी लागते. एखाद्या उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत कोठें घोट्याइतकें पाणी आहे, तर कोठें पुरुषभर डोह आहे, असें समजा. पात्राची सरासरी खोली गुडघाभर भरली, म्हणून कोणी शहाणा माणूस लेकराचा हात धरून त्यांत उतरेल काय? मात्र व्यसनाचा प्रश्न आला कीं आपण सुशिक्षित माणसें हाच अविचार बिनदिक्कत करतों. अमुक उपायानें पिणें सरासरीनें किती कमी झालें, एवढेंच विचारतों. आणि उत्तर मनाजोगें आलें नाहीं कीं उपायावर फुली मारून मोकळे होतों.

पिण्याचे आंकडे उंचीच्या आंकड्यांसारखे नसतात. शाळेंतील एका वर्गाच्या मुलांची उंची मोजली, तर बहुतेक मुलें मधल्या मापाच्या आसपासच सांपडतात. शून्य उंचीचें मूल कोणीं पाहिलें आहे? पण गेल्या पंधरवड्यांत किती घेतली असें पुरुषांस विचारलें, तर कित्येकांचें उत्तर शून्य, बऱ्याच जणांचें थोडें आणि चार-दोघांचें भयंकर असें येतें. एका वाड्यांत पांच भाऊ आहेत. चौघे थेंबास शिवत नाहींत, पांचवा रोज दहा पेले रिचवतो. दरडोई दोन पेले! हिशेब अचूक आहे. पण पांचव्याच्या पत्नीस त्याचा काय उपयोग? (असे वाडे केवळ दुसऱ्यांचेच असतात, हा आपला एक सोयीचा समज.)

या अडचणीचें चांगलें उदाहरण गोव्यांत घडलें. तेथील ‘संगाथ’ संस्थेशीं संबंधित डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल प्रभृति संशोधकांनीं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला व तो २०१७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या कसोटीवर ज्यांचे गुण १२ ते १९ आले, असे पुरुष त्यांनीं निवडले. यदृच्छेनें त्यांचे दोन गट पाडले. एका गटास डॉक्टरांचा नेहमींचाच, किंचित् सुधारलेला सल्ला मिळाला. दुसऱ्या गटास त्याखेरीज स्थानिक, पदवीनें डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या फार तर चार बैठका मिळाल्या. गणनेंत ३७७ जण होते.

तीन महिन्यांनीं काय दिसलें? पंधरवड्यांत जे प्यालेच होते, त्यांची रोजची सरासरी समुपदेशनाच्या गटांत ३७ ग्रॅम मद्यार्क, तर दुसऱ्या गटांत ३१ ग्रॅम. येथेंच वही मिटली असती तर चारही बैठका वायां गेल्या असेंच म्हणावें लागलें असतें. परंतु पंधरवडाभर अजिबात न पिणारे पहिल्या गटांत शेंकडा ४२ होते, दुसऱ्यांत १८. म्हणजे प्याला कीं नाहीं, हा एक प्रश्न. आणि प्याला तर किती, हा दुसरा. दोहोंचें गणित वेगळें करावें लागतें. एकाच फूटपट्टीनें दोन्ही मोजूं गेल्यास एक उत्तर दुसऱ्याच्या पोटांत दडतें. शिवाय, ज्यांची गांठ सैल होती ते बहुधा सुटून गेले व उरले ते घट्ट गांठीचे, असें मला वाटतें. मग केवळ उरलेल्यांचीच तुलना न्याय्य कशी व्हावी?

तीन महिन्यांच्या चौकशीस ३३६ जणच सांपडले. जे सांपडत नाहींत त्यांचें बरेंच चालले असेल, असें गृहीत धरणें हा भोळेपणा होय. संशोधकांनीं ज्याच्या वांट्यास जो गट आला त्याच गटांत त्याची गणना केली. बैठका अर्ध्यावर सोडणारासही वगळलें नाहीं. बारा महिन्यांनीं पुन्हा चौकशी झाली, तेव्हां दहा प्रश्नांच्या कसोटीवर आठांहून कमी गुणांपर्यंत उतरलेले पहिल्या गटांत शेंकडा ५४ व दुसऱ्यांत ३२ निघाले. हीं उत्तरें पिणारांनीं स्वतःच दिलेलीं, ही त्यांची दुबळी बाजू खरी.

घरच्या माणसाच्या पिण्याविषयीं डॉक्टर विचारतात, तेव्हां “रोज थोडीशी” असें उत्तर देण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याऐवजीं मागील चौदा दिवस एकेक करून आठवावे. किती दिवस कोरडे गेले तें आधीं सांगावें, आणि ज्या दिवशीं घेतली त्या दिवशीं किती, हें निराळें सांगावें.