दुर्बिणीची बैठक आणि ध्रुवाची दिशा

दुर्बीण म्हटली की पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम नळीकडे आणि भिंगांकडे जाते. नळी ज्यावर बसवलेली असते त्या बैठकीकडे, म्हणजे माउंटकडे, सहसा कोणी पाहत नाही. वसतिगृहाच्या गच्चीवर रांगेत उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र बैठकच अधिक मोलाची, असे आमचे मत आहे. शंभरपट मोठे दाखवणाऱ्या आयपीसमधून आकाशाचा साधारण अर्धा अंश दिसतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला पंधरा अंश सरकते. तेव्हा बरोबर मध्यभागी आणलेला शनी एका मिनिटात काठापलीकडे जातो. रांगेतील पहिल्या मुलीला कडी दिसते आणि दुसरीच्या वाट्याला काळोख येतो. साठ जणांसाठी साठ वेळा ग्रह शोधत बसल्यास शेवटच्या मुलाची पाळी येण्यापूर्वी झोपेची घंटा होते.

विषुववृत्तीय बैठक ही या अडचणीवरची योजना आहे. जोसेफ फ्राउनहोफर या जर्मन भिंगकाराने डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथील वेधशाळेसाठी केलेली दुर्बीण १८२४ साली तेथे पोहोचली. तिची बैठक घड्याळासारख्या यंत्रणेने आपोआप फिरत असे. शाळांतून आढळणारी प्रतिभाराची 'जर्मन' बैठक तिचीच वंशज होय. तिच्या दोन अक्षांपैकी एक पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवावयाचा असतो. मग मोटार त्या एकाच अक्षाभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरा या गतीने नळी फिरवते आणि तारा जागच्या जागी राहतो. हा अक्ष समांतर आणणे म्हणजेच ध्रुवाशी जुळवणी.

आकाशातील ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या गावाच्या अक्षांशाइतकी असते. नागपूरला ती सुमारे २१ अंश भरते, तर लंडनला ५१ अंशांहून अधिक. परदेशी दुर्बिणींसोबत येणाऱ्या पुस्तिकांत ध्रुवतारा उंच आणि ठळक असल्याचे गृहीत धरलेले दिसते. आपल्याकडे तो धुरकट हवेत, झाडांच्या शेंड्यांजवळ किंवा पाण्याच्या टाकीमागे असतो. म्हणून उत्तरेकडची बाजू मोकळी असलेला गच्चीचा कोपरा आधी दिवसाउजेडी निवडावा.

तिपाई पाणसळ लावून समतल करावी, कारण ती तिरपी असेल तर बैठकीवरील अक्षांशाच्या खुणेला अर्थ राहत नाही. खूण २१ वर आणावी. होकायंत्राने उत्तर ढोबळमानानेच ठरवावी, कारण स्लॅबमधील लोखंडी सळया त्याची सुई विचलित करतात. नंतर क्रांतीची तबकडी ९० अंशांवर ठेवावी, म्हणजे नळी ध्रुवीय अक्षाला समांतर होते. आता ध्रुवतारा आयपीसमध्ये आणावयाचा तो बैठकीचे उंचीचे आणि डावे-उजवे स्क्रू फिरवून. नळीला हात लावायचा नाही. नवशिक्यांचा हात नेमका तिच्याकडेच जातो, आणि मग तारा दिसतो पण अक्ष होता तेथेच राहतो.

ध्रुवतारा ओळखण्यासाठी उन्हाळ्याच्या आरंभी सप्तर्षीतील पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे न्यावी. हिवाळ्याच्या आरंभी सायंकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेचा आधार घ्यावा. 'ध्रुव' या शब्दाचा अर्थ अचल असला, तरी हा ताराही फिरतो. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो सध्या सुमारे ३८ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीहून थोडा अधिक, दूर आहे. खरा बिंदू ताऱ्यापासून शर्मिष्ठेच्या उलट दिशेला, सप्तर्षीच्या टोकाकडील मरीचीच्या बाजूस असतो. ध्रुवीय दुर्बिणीतून पाहताना चित्र उलटे दिसते, हे ध्यानात ठेवावे.

एवढा फरक चालतो का? अक्ष एक अंश चुकला तर तारा तासाभरात जास्तीत जास्त सुमारे १६ कला ढळतो. म्हणजे मध्यभागी ठेवलेला शनी काठावर जायला जवळजवळ तास लागतो. पाच अंशांची चूक असेल तर हेच बारा मिनिटांत घडते. तेव्हा रांगेसाठी ध्रुवतारा मध्यभागी आणला तरी भागते. दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्याला मात्र ते पुरत नाही, तेथे तारे रेघांसारखे उमटतात.

ध्रुवतारा दिसतच नसेल किंवा छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर ताऱ्याच्या ढळण्यावरूनच चूक शोधतात. ही रीत सावकाशीची आहे, परंतु आम्हाला तीच अधिक आवडते, कारण तिला उत्तरेचे आकाश लागतच नाही. दक्षिणेकडे याम्योत्तर वृत्ताजवळचा, खगोलीय विषुववृत्तालगतचा एखादा तारा मध्यभागी आणावा, मोटार चालू ठेवावी आणि काही मिनिटे केवळ पाहावे. पूर्व-पश्चिम सरकण्याकडे दुर्लक्ष करावे. तारा दक्षिणेकडे ढळला तर अक्ष पूर्वेकडे कललेला आहे, उत्तरेकडे ढळला तर पश्चिमेकडे. ते सुधारल्यावर पूर्व क्षितिजाच्या थोडा वर असलेला तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे ढळल्यास अक्ष खाली आहे, उत्तरेकडे ढळल्यास वर. दोन्ही ठिकाणचे ढळणे थांबेपर्यंत हे आलटून पालटून करावे लागते. तासभर सहज जातो.

जुळवणी साधली की तिपाईच्या तिन्ही पायांच्या जागा गच्चीवर ऑइलपेंटने रंगवून ठेवाव्यात, आणि कोणता पाय कोठे तेही लिहावे. तिपाईची उंची न बदलल्यास पुढच्या खेपेस निम्मे काम झालेले असते.