सहाची तलफ

पहाटे पाच. धुकं असलं की देवळाचं शिखर दिसत नाही, घंटा तेवढी ऐकू येते. मी फळ्या काढतो. नारळ, गुलालाच्या पुड्या, खोबऱ्याच्या वाट्या, दवणा. आज रविवार, जोतिबाचा वार. दारू बंद करून मला 6 वर्षं झाली. दुकान त्याच्या आधीपासूनचं आहे. तेव्हा ते अधूनमधून उघडायचं.

सात. बायको चहा घेऊन येते आणि गल्ल्यापाशी बसते. किल्ली तिच्याच कनवटीला. अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढलं. तिथनं 35 दिवसांनी परत आलो तेव्हा वाटलं, आता किल्ली मिळेल. बायको तिथल्या सहचरींच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या बायकांच्या, गटात बसून आली होती. येताना एसटीत एवढंच म्हणाली, "तुमचं पस्तीस दिवस झालं. माझं चौदा वर्षं झालंय." मी तो विषय पुन्हा काढला नाही.

दहा ते बारा नुसती गर्दी. चांगभलं आणि सुट्ट्या पैशांची बोंब.

साडेबारा. एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या हाताची थरथर मी लांबनंच ओळखली. "मामा, नारळ द्या. ह्यांना देवाची शपथ घालायची हाय." नारळ दिला. याच उंबऱ्यावर मी तीनदा शपथ घेऊन तीनदा मोडली आहे, त्यात देवाचा काय दोष? शपथ घेतो तो कपाळामागचा, विचार करणारा मेंदू. तलफ उठते त्याच्या बरीच खालून. आणि वरचा पहारेकरी रोजच्या पिण्यानं आधीच पेंगुळलेला. बाईला म्हटलं, शपथ घाला, पण रोज पिणाऱ्याची घरच्या घरी एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, जीवही जातो. आधी कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात दाखवा. गुलालाच्या पुडीवर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 नंबर लिहून दिला. नवरा माझ्याकडं बघत नव्हता. मीही असाच दुसरीकडं बघायचो.

दुपार. भाकरी, डुलकी.

सहा. हाच तो वखत. उन्हं डोंगराआड जातात, गल्ला मोजला जातो, नोटांचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. आजही. पूर्वी याच वेळी गल्ला खिशात घालून मी घाट उतरायचो. बाटली लांबच, घाटातल्या पहिल्याच वळणाला अंगात तरतरी यायची. त्याचा अर्थ पुढं उपचारांत कळला. व्होल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञानं माकडांना दिवा लावून मग फळाचा रस दिला. आधी रस मिळाला की त्यांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी चेतायच्या. सवय झाल्यावर त्या दिव्यालाच चेतू लागल्या, आणि वेळेवर रस आला नाही की एकदम मंदावल्या. माझा दिवा म्हणजे ते वळण आणि मोजलेल्या नोटा. म्हणून सहाला मी गल्ल्याकडं पाठ करून फळ्या पुसतो. कुणी हसलं तर हसू दे.

सहा दहा. फोन. खालच्या गावातला पोरगा, बंद करून 20 दिवस झालेत. हात पुसत बसलो नाही, पहिल्याच रिंगला उचलला. याला कारण आहे. 2018 मध्ये अमेरिकेत मार्को व्हेनिरो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नशेला लागलेल्या उंदरांपुढं दोन कळी ठेवल्या: एकीनं नशा मिळे, दुसरीनं दार उघडून सोबतीचा उंदीर. बहुतेक वेळा त्यांनी सोबतीच निवडला. पण दार उघडायला उशीर होऊ लागला, तशी नशेची कळ पुन्हा दाबली जाऊ लागली. सोबत हवीच, पण ती वेळेवर हवी. माणसाचं सगळंच उंदरावरनं ठरत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या दोन्ही स्लिप, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिणं, झाल्या त्या संध्याकाळी मी फोन लावला होता आणि समोरून उचलला गेला नव्हता.

पोरगा वीस मिनिटं बोलला. निम्मं बापाबद्दल. मी काही शिकवलं नाही. "जेवलास का?" विचारलं. नव्हता जेवला. जेव म्हटलं, आणि साडेसातला परत फोन कर. त्यानं केला.

रात्री पालखी. गुलालानं सगळे सारखेच दिसतात, शुद्धीतले आणि नसलेलेही. दहाला फळ्या लावल्या.

नारळ संपलेत. उद्या कोल्हापूरच्या बाजारात जायचंय. बायको पैसे मोजून देईल आणि सोबत धाकटा येईल. 6 वर्षं झाली, तरी येतो.