देवाला जाब विचारणारी स्तोत्रे

देवाच्या स्तुतिग्रंथात देवाविरुद्धचे गाऱ्हाणे असावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापगीतांचा आहे. त्यांची घडण बहुधा ठरलेली असते: आधी हाक, मग तक्रार, पुढे विनवणी आणि शेवटी विश्वासाचा उद्गार. १३वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. त्याच्या आरंभीच 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा येतो, तरी शेवट गायनाने होतो. ८८वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. देवाचे उत्तर नाही, गायकाचे समाधानही नाही. तरीही संग्रहकर्त्यांनी ते वगळले नाही. कॅथलिक उपासनेत शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ते आजही म्हटले जाते. खुद्द येशूने क्रुसावर फोडलेला टाहो २२व्या स्तोत्राच्या आरंभीचाच आहे.

मराठी मनाला हा सूर परका नाही. जनाबाईंनी आणि तुकोबांनी विठ्ठलाला खडे बोल सुनावलेच आहेत. रागावलेला भक्त देवाच्या दाराशीच उभा राहून जाब मागतो. दार सोडून जात नाही. म्हणून एखाद्या दुःखिताच्या तोंडून असा शब्द निघाला, तर त्याला पाखंडी ठरविण्याची घाई कोणी करू नये. कदाचित तीच त्याची प्रार्थना असेल.