कुणाच्या नावाने राज्य?

एखादा देश स्वतंत्र होतो आणि थोड्याच काळात तिथे एका माणसाची किंवा एका संघटनेची हुकमत सुरू होते, अशा कहाण्या आपण बहुधा आफ्रिकेतल्या म्हणून वाचतो. घाना १९५७ साली स्वतंत्र झाला. १९५८ साली तिथे खटल्याविना डांबून ठेवण्याचा कायदा आला आणि १९६४ मध्ये एकच पक्ष उरला. पण असे राज्य कसे असते, हे आमच्या जालन्याने त्याच्या दहा वर्षे आधीच भोगले आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रज गेले, तेव्हा जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मीर उस्मान अली खान यांनी भारतात वा पाकिस्तानात न जाता स्वतंत्र राहायचे ठरवले. राज्य स्वतंत्र झाले, प्रजा नाही. स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये जन्माआधीच बंदी आली होती, ती १९४६ पर्यंत टिकली. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ची आडकाठी होतीच. त्या १५ ऑगस्टलाच स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांना मात्र रान मोकळे होते. गावे लुटली गेली, माणसे मारली गेली. कितीतरी कुटुंबे सरहद्द ओलांडून मनमाड, सोलापूरकडे गेली.

‘अनल मलिक’, म्हणजे मीच राजा, असे इत्तेहादवाले प्रत्येक मुसलमानाला सांगत. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या शेतात राबणारा किंवा मागावर बसणारा मुसलमान कशाचा राजा होता? आणि राजा होता, तर त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा का नव्हती? ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी ते म्हणून पाहिले. रझाकारांवर टीका केली, भारतात विलीन व्हावे असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. ज्या समाजाच्या नावाने ही हुकमत चालली होती, त्याच समाजातल्या माणसाचे लिहिणे तिला सोसवले नाही.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आल्या. पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. मराठवाडा मुक्त झाला. पण हिशेब चुकता केला तो गरिबांनी. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात फिरून अंदाज दिला, की त्या काळात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते आणि त्यांतल्या अनेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. तो अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. रझवी मात्र १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले.

लोकांनी निवडलेले सरकार यायलाही मार्च १९५२ उजाडला. तोवर आधी लष्करी, मग नेमलेले मुलकी प्रशासन होते. हुकूमशाही पाच दिवसांत पडू शकते, लोकशाही उभी राहायला वर्षे लागतात.

दर १७ सप्टेंबरला जालन्यात हुतात्मा जनार्दनमामा नागापूरकर यांच्या स्मृतिस्तंभापाशी ध्वजवंदन होते. हा मुक्तिदिन माझाही आहे. मी मराठीत लिहितो, मनात येईल ते लिहितो आणि रात्री निर्धास्त झोपतो. शोएबुल्लांना एवढेच तर हवे होते. म्हणून ‘तुमच्या नावाने राज्य करतो’ असे कुणी म्हणाले, की मी एकच विचारतो: मग आमच्यातल्या एखाद्याने ‘नको’ म्हटले, तर चालेल ना?