द्राक्षवेलीतला विषाणू आणि त्याचे खोडरबर

वणीच्या शाळेत वनस्पतींचे रोग शिकवायचे, तर उदाहरणासाठी लांब जायला नको. एका अंगाला सप्तशृंगीचा डोंगर आणि सभोवार द्राक्षबागा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी मुलांना तोंडपाठ असते. या वेलीवर जगणारे काही विषाणू आपल्याला रसायनशास्त्राचाही एक सुंदर धडा देतात.

आर.एन.ए.ची अक्षरे चार: ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि युरॅसिल. या अक्षरांवर कधी कधी मिथिल गटाची, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन यांची, खूण बसते. ती कोठे बसली याला महत्त्व आहे. ॲडेनिनच्या सहाव्या स्थानी जोडलेल्या नायट्रोजनवर बसली, तर अक्षराची जोडी जुळू शकते. पेशी ही खूण मुद्दाम करते आणि संदेश किती काळ टिकावा हे तिच्यावरून ठरते. पण पहिल्या स्थानावर बसली, तर जोडी जुळवणारी कडच अडते. नक्कल करणारे विकर तेथे अडखळते. पहिली खूण ही सूचना आहे, दुसरी बहुधा इजा.

इजा पुसणारे विकर प्रथम सापडले ते ई. कोलाय जीवाणूत. त्याचे जनुक 'अल्क-बी' 1983 मध्ये कळले. ते नेमके काय करते हे कळायला मात्र 2002 साल उजाडले. ते आर.एन.ए.ही दुरुस्त करते, हे 2003 मध्ये दिसले.

हे विकर खूण ओळखते कसे? ते संशयित अक्षर साखळीतून बाहेर वळवून आपल्या खोबणीत घेते. पहिल्या स्थानी मिथिल बसलेल्या ॲडेनिनवर धन विद्युतभार असतो. खोबणीची घडण अशाच अक्षराला सोयीची असते. खोबणीत लोहाचा एक अणू आहे. तो ऑक्सिजन रेणूतील एक अणू मिथिलवर बसवतो आणि दुसरा ऑक्सोग्लुटारेट या मदतनीस रेणूला देतो. मिथिलवर ऑक्सिजन बसला की ती जोडणी डळमळीत होते आणि खूण फॉर्माल्डिहाइड होऊन आपोआप गळून पडते. अक्षर कापावे लागत नाही, साखळी तुटत नाही. फक्त खूण जाते. माणसातली एफटीओ (2011) आणि एएलकेबीएच-5 (2013) ही विकरे याच घराण्यातली. ती मात्र सहाव्या स्थानावरची 'सूचना' पुसतात.

आता द्राक्षाकडे येऊ. 2008 मध्ये तीन वनस्पती-विषाणूंमधील अशी विकरे तपासली गेली. त्यांत द्राक्षवेलीचा 'ग्रेपवाइन व्हायरस ए' होता. ही विकरे डी.एन.ए.पेक्षा आर.एन.ए.वर अधिक काम करतात असे आढळले. या विषाणूंची जनुकेच आर.एन.ए.ची असल्याने, हे स्वतःच्या वहीसाठी जवळ बाळगलेले खोडरबर असावे. असे विकर प्रामुख्याने बहुवर्षायू झाडांच्या विषाणूंत दिसते. एकाच वेलीत वर्षानुवर्षे मुक्काम करायचा, तर दुरुस्तीची सोय उपयोगी, असा तर्क करता येतो.

शेतकऱ्याला याचा अर्थ काय? बुरशीप्रमाणे फवारणीने हा विषाणू जात नाही. रोगट वेलीचा डोळा खुंटावर भरला, तर रोगही कलमाबरोबर नव्या बागेत येतो. पुढे पिठ्या ढेकूण तो वेलीवेलींत पसरवतो. म्हणून मातृवेल तपासलेली व निरोगी असणे, हाच खरा उपाय.

वर्गात हे दाखवायला पुठ्ठा पुरे. एकमेकांत बसणाऱ्या खाचांचे दोन तुकडे कापा. एकाच्या पाठीवर टिकली लावा: जोडी जमते. तीच टिकली खाचेत लावा: जोडी जमत नाही. मग टिकली काढायला लावा, पण तुकडा न फाडता! मुलांना विकराचे कसब लगेच कळेल, आणि बागेत काम करणाऱ्या आईवडिलांना 'कलमाची काडी कोठून आणली?' असा प्रश्नही ती विचारतील.